हरवलेली करवत

निसर्ग हा मोठा हट्टी सुतार आहे. एखादे हत्यार मनात भरले, की तो ते पुन्हा पुन्हा घडवितो. तोंडापुढे लांब पाते आणि पात्याच्या दोन्ही काठांना दात, अशी करवत त्याने माशांना निदान तीनदा दिली. पैकी करवत-मुशी आणि करवत मासा ही दोन घराणी आजही आहेत. तिसरे मात्र सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, निर्वंश झाले.

त्या घराण्यातला माझा आवडता वीर म्हणजे ऑन्कोप्रिस्टिस. इजिप्तमधील बहारिया येथे आज वाळवंट आहे. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्या वाहत आणि त्यांत हा वागळीचा भाऊबंद राही. त्याच्या करवतीच्या दातांना गळासारखा आकडा असे. दिसायला करवत माशाचा सख्खा भाऊच! पण करवत माशाचे हे दात खोबणीत रुतलेले, जन्मभर वाढणारे. या घराण्यातले दात गळत आणि नवे येत. रूप सारखे, रक्त निराळे.

ही गळतीच संशोधकांच्या पथ्यावर पडली. वागळीचा सांगाडा कूर्चेचा. तो बहुधा कुजून जातो, दात तेवढे दगडात उरतात. लेबाननच्या चुनखडीत सबंध सांगाडे सापडले, तो अपवाद.

म्युनिकचे अर्न्स्ट श्ट्रोमर १९११ साली बहारियात उत्खनन करीत होते. १९१५ साली त्यांनी स्पायनोसॉरस या डायनोसॉरचे आणि १९१७ साली ऑन्कोप्रिस्टिसचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. संग्रह सुरक्षित जागी हलवा, म्हणून त्यांनी परोपरीने विनविले; वरिष्ठांनी ऐकले नाही. एप्रिल १९४४ मध्ये बॉम्ब पडले आणि त्या संग्रहाचा बहुतेक भाग जळून गेला. वाळूने साडेनऊ कोटी वर्षे जपलेले धन माणसाला तेहेतीस वर्षेही नीट जपता आले नाही!

सुदैवाने वर्णने नि चित्रे उरली. मोरोक्कोच्या वाळवंटातून नवे अवशेष मिळाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्पायनोसॉरसच्या एका जबड्यात तर ऑन्कोप्रिस्टिसचा मणका अडकलेला आढळला. श्ट्रोमर यांनी ज्यांना नावे दिली, ते भक्ष्य आणि भक्षक असे एकत्र भेटले.

वाचकहो, त्या घराण्याचा अंत माणसाने केला नाही. तेव्हा माणूसच नव्हता. आजचा करवत मासा मात्र आपल्याच जाळ्यात करवत गुंतून मरतो आणि जगभर दुर्मीळ झाला आहे. भारतात २००१ पासून कायद्याने त्याला अभय आहे. ते अभय जाळ्यापर्यंत पोचले, तर आपल्या नातवंडांना करवत मासा केवळ दगडात पाहावा लागणार नाही.