कुजणारे प्लॅस्टिक आणि दिल्लीचे कायदे

दिल्लीच्या पूर्व सीमेवर गाझीपूर येथे १९८४ साली कचरा टाकण्यास आरंभ झाला, आणि पुढे तो ढीग इतका वाढला की १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा एक भाग ढासळून दोन माणसे प्राणास मुकली. त्या ढिगात ज्याच्या पिशव्या न कुजता पडून आहेत, त्या पॉलिथिनचा शोध इंग्लंडात १९३३ साली लागला. परंतु त्याही आधी, १९२६ मध्ये, फ्रान्समधील पाश्चर संस्थेच्या मॉरिस लेमोइन यांनी जिवाणूंच्या पेशींत साठणारे आणि जिवाणूंनाच पचणारे पॉलिएस्टर ओळखले होते. कुजणाऱ्याची ओळख आधी पटूनही जगाने न कुजणाऱ्याला जवळ केले, ही गोष्ट खेदाची आहे.

पॉलिथिनचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला असल्याने तो तोडणे बहुतेक जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचे असते. याउलट मक्याच्या किंवा उसाच्या शर्करेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लातील एस्टरबंध उष्णता व ओलावा मिळाला म्हणजे तुटत जातात, आणि उरलेल्या आखूड शृंखलांवर जिवाणू पोसतात. पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ते उन्हाने ठिसूळ करण्याचा प्रकार मात्र मला फसवा वाटतो, कारण त्यात पिशवी दिसेनाशी झाली तरी तिचे कण मातीतच राहतात. युरोपीय संघाने २०१९ साली त्यास मनाई केली, ती योग्यच होय.

दिल्लीत २००० सालचा पिशव्यांविषयीचा कायदा, २००९ चे निर्बंध, २०१२ चा सरसकट बंदीचा जाहीरनामा आणि १ जुलै २०२२ पासूनची एकदाच वापरायच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तूंवरील देशव्यापी मनाई असे हुकूम एकामागून एक निघाले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कंपोस्टयोग्य पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली, मात्र त्यांना आय. एस. १७०८८ या मानकाची कसोटी लावली. त्या कसोटीत सुमारे ५८ अंश उष्णतेच्या खतात १८० दिवसांच्या आत पिशवीतील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते.

सारी अडचण या ५८ अंशांतच आहे. खतकारखान्यातील ही उष्णता, हवा आणि ओलावा गाझीपूरच्या दडपलेल्या ढिगात एकत्र लाभत नाहीत. तेथे कंपोस्टयोग्य असा शिक्का मारलेली पिशवीही दीर्घकाळ तशीच पडून राहते. ग्रेटर नोएडातील शिव नाडर विद्यापीठाच्या संशोधकांनी आवारालगतच्या पाणथळ जमिनीतून पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे विघटन करू शकणारे दोन जिवाणू शोधून काढले, हे मोलाचे काम आहे. परंतु तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही. ओला कचरा घरातच वेगळा होऊन खतकारखान्यात पोहोचण्याची तजवीज महानगरपालिकेने आधी करावी, आणि पिशवीवर शिक्का त्यानंतर मारावा.