राजूरचा तळणीचा मोदक

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले राजूर हे महाराष्ट्रातल्या गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड ही या मालिकेतली इतर नावे. गणेशपुराणातल्या क्रीडाखंडात गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितल्याची कथा आहे. स्थानिक परंपरा तो प्रसंग राजूरला घडला असे मानते आणि म्हणून या जागेला राजसदन क्षेत्र म्हणते. अकोले तालुक्यातले पेढ्यांचे राजूर वेगळे. जालन्याकडच्या राजुराचा नैवेद्य मोदकाचा. तो मोदक मात्र कोकणातला उकडीचा नव्हे. कणकेच्या पारीत सुक्या खोबऱ्याचे सारण भरून तो कढईत तळलेला असतो.

मोदक हा पदार्थ गणपतीच्या नैवेद्याशी जोडला जाण्याच्या आधीपासून जुन्या ग्रंथांत आढळतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत औषधी वड्यागोळ्यांनाही मोदक म्हटलेले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. तांदळाच्या पिठाच्या, आत गोड आणि सुगंधी सारण असलेल्या मोदकांना तिथे वर्षोपलगोलक, म्हणजे गारांसारखे गोळे, असे नाव दिले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, शके 1212 मध्ये, गणेशाच्या हातातल्या मोदकाला वेदान्ताच्या महारसाची उपमा मिळाली. गणपती अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत तर हजार मोदकांनी यजन करण्याचे फळ सांगितले आहे. तेराव्या शतकात गोदावरीकाठच्या श्रोत्यांना गणपतीच्या हातात मोदक असतो हे वेगळे सांगावे लागत नव्हते, एवढे ज्ञानेश्वरीवरून निश्चित म्हणता येते.

पीठ आणि गोड सारण यांची जोडी जगात ठिकठिकाणी सापडते. इंग्लंडमध्ये दुसऱ्या रिचर्डच्या स्वयंपाक्यांनी 1390 च्या सुमारास लिहिलेल्या पाकसंग्रहात सफरचंदाच्या पायची कृती आहे: सफरचंद, नाशपाती, अंजीर, मनुका आणि मसाले पिठाच्या कवचात घालून भट्टीत भाजायचे, केशराने रंग द्यायचा. साखरेचा त्यात उल्लेख नाही. गोडी सगळी फळांची. ज्ञानेश्वरीनंतरचे हे जेमतेम शतक. पुढे हाच पदार्थ अमेरिकेत जाऊन घरगुती चुलीभट्टीचा झाला. पाय आणि मोदक यांतला फरक आचेचा आहे. युरोपातल्या थंड गावांत भट्टी पावासाठी पेटवली जाई, तिच्यात पायही भाजला जाई. मराठवाड्यात भट्टी होती, पण ती बाजारात. दौलताबाद-औरंगाबादच्या नान-खलियाची परंपरा सांगताना महंमद तुघलकाच्या 1327 मधल्या राजधानीच्या स्थलांतराचा दाखला हमखास दिला जातो. तिथल्या भट्ट्यांतला नान नैवेद्याच्या ताटात जाण्याचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य सोवळ्यात, घरच्या चुलीवर व्हायचा, आणि चुलीवर भाजण्यासाठी तवा आणि उकडण्या-तळण्यासाठी भांडे एवढीच साधने होती. नानकटाईचे पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर नेण्याची चाल दिवाळीच्या फराळापुरती रुजली, ती पुष्कळ नंतर.

उकडणे आणि तळणे यांतली निवड मुलखाने केली. कोकणात तांदूळ आणि ओले नारळ दारात. भोकरदन-जालन्याचा भाग ज्वारी, बाजरी, गहू आणि कापसाचा. नारळ हे इथले पीक नाही. किनाऱ्यावरून मीठ आणि नारळ घाट चढून देशावर येत ते लमाणांच्या तांड्यांच्या बैलांवर, आणि एवढ्या प्रवासात टिकते ते सुके खोबरे. म्हणून इथले सारण खोबऱ्याच्या किसाचे, त्यात भाजलेली खसखस आणि तीळ, वेलदोडा, जायफळ, आणि गूळ किंवा पिठीसाखर. सारण सैल वाटले तर त्यात तुपावर भाजलेली थोडी कणीक मिसळतात. ओल्या नारळाचा मोदक दुपारनंतर उतरतो, तर हा चांगला आठवडाभर डब्यात राहतो. राजूरसारख्या क्षेत्राला ही गोष्ट फार सोयीची ठरली. अंगारकीला, म्हणजे मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला, जालन्याहून रात्रभर पंचवीसेक किलोमीटर चालत भाविक टेकडीवरच्या मंदिरात येतात. इतक्या लांब नैवेद्य न्यायचा आणि प्रसाद परत गावी वाटायचा, तर उकडीच्या मोदकाचे काम नाही.

पारीचे काम नाजूक असते. जुन्या पद्धतीत गहू आदल्या दिवशी ओलवून जात्यावर दळत आणि वस्त्रगाळ करून सपीट काढत. राहिलेला रवा शेवयांच्या किंवा शिऱ्याच्या कामी येई. बन्सी गव्हाचा रवा चांगला निघतो, हे दळणाऱ्या बायकांना ठाऊक होते. सपिटात थोडा रवा, चिमूटभर मीठ आणि कढत तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवायचे आणि झाकून ठेवायचे. मोहन कमी पडले तर पारी चामट होते. जास्त झाले तर मोदक कढईत उकलतो. पुरीएवढी पारी लाटून कडेला चिमटीने चुण्या घालत नेतात, सारण भरतात, चुण्या वर एकत्र आणून टोक पिळतात आणि वरचा जादा गोळा तोडून टाकतात. हा गोळा ठेवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण टोक आत कच्चे राहते. तळण मंद आचेवर. आच मोठी झाली की वरून रंग येतो, फोड येतात आणि थोड्या वेळाने मोदक मऊ पडतो. एखाद्या मोदकाचे टोक सुटून साखर तेलात उतरली तर ती करपते आणि पुढचा सगळा घाणा काळपट निघतो. पूर्वी हे तेल बहुतेक घाण्याचे, करडईचे किंवा शेंगदाण्याचे असे.

ताटातल्या मोदकांची संख्या 21. काही घरांत त्यांतल्या एका मोदकात सारणाऐवजी मीठ भरण्याची चाल होती. उपास करणाऱ्याने चंद्रोदयानंतर जेवायला बसायचे, आणि मिठाचा मोदक हाती आला की तिथेच हात धुवायचा. तो पहिलाच निघाला तरी. वीस मोदकांची आशा धरून बसलेल्याची फजिती हा या व्रतातला बायकांच्या कौतुकाचा भाग असणार.

विसाव्या शतकात जिन्नस बदलले. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड ते हैदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास जालन्यातून गेली आणि बाहेरचा माल येणे सोपे झाले. त्याच संस्थानातल्या बोधनला 1937 मध्ये निजाम शुगर फॅक्टरी निघाली. सारणातल्या गुळाची जागा हळूहळू साखरेने घेतली, गूळ अडचणीच्या दिवसांचा मानला जाऊ लागला. आता तोच गूळ पौष्टिक म्हणून मुद्दाम घालतात, हा उलटा फेरा. पिठाची गिरणी आल्यावर सपीट मागे पडले आणि दुकानातला मैदा आला. मैद्याने पारी गोरी आणि खुसखुशीत झाली, पण गव्हाची चव गेली. छापील पाककृतींनी आणखी एक गोष्ट केली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. अशा पुस्तकांनी अंदाजपंचे चालणाऱ्या कृतींना वाटी-चमच्याचे माप दिले. मात्र मुंबई-पुण्याच्या मासिकांतून आणि पुढे दूरचित्रवाणीवरून मोदक म्हणजे उकडीचाच असे चित्र पसरले, आणि मराठवाड्यातल्या सुनांनाही तळणीचा मोदक म्हणजे सोपी पळवाट वाटू लागली. मुळात ती पळवाट नाही, वेगळ्या धान्याची वेगळी रीत आहे.

अलीकडे साच्यातले खव्याचे मोदक सगळ्याच क्षेत्रांच्या दुकानांत दिसतात. त्यांना पारी नाही आणि सारणही नाही. आकार तेवढा मोदकाचा. ज्यांच्या घरी ओव्हन आहे ते पारीवर तूप लावून मोदक भाजूनही काढतात. असा मोदक कमी तेलकट होतो, पण कोरडा पडतो, आणि चुण्या आचेने उघडू नयेत म्हणून टोक दुधाच्या बोटाने चिकटवावे लागते. संकष्टीच्या ताटात बहुतेक घरी अजून तळलेलाच मोदक असतो.