पान्हा आटला, दोष कुणाचा?

बाळंतिणीला दूध कमी आलं की आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणायच्या, "मनात माया नाही, पान्हा कुठनं फुटंल?" हा समज केवळ खेड्यातला नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, दूध आटण्याची कारणं दिली आहेत : राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव.

पण सुश्रुत तिथंच थांबत नाही. लागलीच उपाय सांगतो : आधी तिचं मन प्रसन्न करा, मग जव, गहू, साळीचा भात, मांसरस, मासे, लसूण खायला द्या. म्हणजे पान्ह्याची निम्मी जबाबदारी घरावर.

घराघरांत मात्र पहिला भाग तेवढा टिकला. माहेरी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू मिळायचे. सासरी परतली की सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ती भाकर, अन् तान्हं झोळीत घालून खुरपणीला जायचं. अशात दूध आटलं, तर आई म्हणून तीच उणी ठरायची. दोन वेळा ती पोटभर जेवली का, हे सासूला किंवा नवऱ्याला कुणी विचारलं नाही.