पडलेल्या पठ्ठ्याचा वस्ताद



मी तालमीतला माणूस नव्हे. लातूरच्या मार्केट यार्डात हमालांची संघटना बांधण्यात माझी उमेद गेली. शाळा लवकर सुटली. पुढचे काय शिकलो ते वाचनालयात आणि सभांतून. तरीही खेळाडूंच्या मनोबलावर बोलण्याचे धाडस करतो, कारण माणसाला धीर कोठून येतो हा प्रश्न आखाड्याप्रमाणे संपातही पडतो. पालक विचारतात, 'मुलगा सरावात उत्तम खेळतो, सामन्यात मात्र कचरतो. काय करावे?' याचे उत्तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात सापडते.

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावी 1950 साली हरिश्चंद्र बिराजदार यांचा जन्म झाला. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला गेले. 1969 मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला भरली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 मध्ये. त्या घरच्या मैदानात बिराजदारांनी गदा जिंकली. 1972 मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि 1977 मध्ये बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम यानंतरचे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली.

तालमीत आत्मविश्वासावर कोणी व्याख्यान देत नाही. तेथे पहाटे जोर चालतात. पठ्ठ्याला आपल्याहून वजनदार जोडीदाराशी लढावे लागते. तो पडतो, माती झटकतो, पुन्हा हात मिळवतो. दिवसातून वीस वेळा पडणाऱ्याला पडण्याची लाज राहत नाही. सामन्यात पोर कचरते ते प्रतिस्पर्ध्याला भिऊन नव्हे. हरल्यावर आपले काय होईल, या भीतीने. ती भीती वस्तादच घालवू शकतो, कारण हरलेल्या पठ्ठ्यासाठीही तो दुसऱ्या पहाटे हौद्यापाशी उभा असतो.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे याच तालमीतला. 2011 मध्ये बिराजदार गेले. तेव्हा त्यांचेच शिष्य, लातूरचे अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांनी राहुलला हाताशी धरले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकची संधी हुकली. अशा वेळी अनेक मल्ल आखाडा सोडतात. राहुल टिकला. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. वस्ताद गेला तरी त्याने लावलेली शिस्त आणि त्याची माणसे मागे उभी होती.

नांदेडच्या भाग्यश्री जाधव 2021 मध्ये टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत सातव्या आल्या. सातव्या क्रमांकाची मिरवणूक कोणी काढत नाही. त्या मात्र थांबल्या नाहीत. 2024 मध्ये पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता.

आता माझी एक चूक सांगतो. आम्ही एकदा काम बंद ठेवले आणि हरलो. दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरलो. त्यामुळे संघटना टिकली. एका तरुण हमालाकडे जायचे मात्र राहून गेले. तो संपात सर्वांच्या पुढे होता. तो पुन्हा कधी सभेला आला नाही. त्याच्यात धीर नव्हता असे मी कसे म्हणू? आम्हीच त्याला एकटे पाडले होते.

म्हणून पालकांना आणि नगरवासीयांना माझी विनंती आहे. पोर हरून येईल त्या रात्री बसस्थानकावर जा. निकाल विचारू नका. जेवला का, एवढे विचारा, आणि सकाळी त्याला मैदानावर पोचवा. विजयाच्या मिरवणुकीला आपण वर्गणी काढतो, त्यातली निम्मी रक्कम हरलेल्यांच्या पुढच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवा. पोरांचा धीर त्यातूनच वाढेल.