आश्रयगृहातील वृद्ध आणि संपर्काची साधने : दौंड-शिरूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

निवासी संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांच्या जीवनातील तंत्रज्ञानाचे स्थान हा विषय भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर विशेष चर्चेत आला. तथापि, आश्रयगृह आणि संपर्काची साधने यांचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. पुणे जिल्ह्यातील दौंड व शिरूर या लगतच्या तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. प्रस्तुत लेखात केडगाव (ता. दौंड) येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा आधार घेऊन, साधनांमुळे आश्रितांचे समाजाशी नाते कोणत्या परिस्थितीत जुळते, याचा विचार केला आहे.

लोहमार्ग आणि रस्ता

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ मध्ये पुण्यास पोहोचली व पुढे दौंडमार्गे सोलापूरकडे गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्याने दौंडला जंक्शनचे महत्त्व प्राप्त झाले. शिरूर गावास मात्र लोहमार्ग लाभला नाही. त्याचा बाह्य जगाशी संबंध प्रामुख्याने पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) रस्त्यावर अवलंबून राहिला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस याच दोन शहरांदरम्यान धावली. एकाच जिल्ह्यातील शेजारच्या दोन तालुक्यांत संपर्काची साधने सारखी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

केडगावचा प्रयोग

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. त्यानंतर त्यांच्या कार्याचे केंद्र पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील, तर १९०० च्या दुष्काळात गुजरातमधील निराधार मुली व स्त्रिया येथे आणल्या गेल्या. या वसाहतीत वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते, तसेच अंध स्त्रियांचीही स्वतंत्र व्यवस्था होती. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली व तिचे शिक्षण येथे सुरू केले. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता आणि त्यात आश्रित स्त्रियाच काम करीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर (५ एप्रिल १९२२) याच छापखान्यातून बाहेर पडले.

या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे, की वृद्ध स्त्रिया, शाळेतील मुली, अंध स्त्रिया आणि छापखान्यातील कामकरी स्त्रिया एकाच आवारात राहत असल्याने वार्धक्य वेगळे काढून ठेवलेले नव्हते. दुसरे असे, की छापखाना व ब्रेल ही साधने आश्रितांच्या करमणुकीसाठी नव्हे, तर शिक्षण व कामासाठी त्यांच्या हाती देण्यात आली. अर्थात, या प्रयोगामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि त्यावर तत्कालीन महाराष्ट्रात तीव्र टीका झाली, हे दुर्लक्षून चालणार नाही.

शासकीय धोरणातील उणीव

स्वातंत्र्योत्तर काळात वृद्धाश्रय हा शासनाच्या धोरणाचा भाग बनला. १९९५ मध्ये महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा केंद्रीय कायदा २००७ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. त्यांतील सेवांचा उल्लेख करताना हे कलम वैद्यकीय देखभाल आणि मनोरंजनाची साधने या दोन बाबींचे नाव घेते. संपर्काचे नाव घेत नाही. कायद्याच्या या भाषेत वृद्ध हा सेवा स्वीकारणारा ठरतो, संवाद सुरू करणारा नव्हे.

दरम्यान साधने झपाट्याने बदलली. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. २०१६ पासून स्वस्त डेटा व व्हॉट्सॲपवरील दृश्य संभाषण सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा दूरच्या मुला-नातवंडांचा चेहरा पडद्यावर दिसणे हाच अनेकांचा आधार ठरला. तथापि पत्र हाती ठेवून सवडीने पुन्हा वाचता येई, तर दृश्य संभाषण बहुधा समोरच्याच्या सवडीवर अवलंबून असते. शिवाय मंद दृष्टी, क्षीण श्रवणशक्ती, थरथरणारा हात आणि संपलेला रिचार्ज या अडचणींत वृद्धाला दुसऱ्याच्या मदतीची वाट पाहावी लागते.

निष्कर्ष

केवळ साधन उपलब्ध झाल्याने एकाकीपण कमी होत नाही. साधन वापरण्याचे शिक्षण, मदतीला माणूस आणि स्वतःहून संवाद सुरू करण्याची मुभा मिळाल्यासच ते नाते जोडते. केडगावच्या स्त्रियांना लिपी व यंत्र शिकविले गेले, म्हणूनच ती साधने त्यांची झाली. आजच्या वृद्धाश्रमांच्या निकषांत दूरचित्रवाणी संचाइतकेच महत्त्व भ्रमणध्वनी शिकविणाऱ्या माणसास मिळणे आवश्यक आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेस हे कार्य सहज हाती घेता येईल. तसे झाल्यास वृद्ध आणि तरुण एकाच आवारात वावरण्याची केडगावची जुनी रीत नव्या स्वरूपात या परिसरात पुन्हा रुजू शकेल.