‘खवांग’मधील प्रणय आणि प्रेक्षक

चीनमध्ये १९९० साली प्रसारित झालेली ‘खवांग’ (म्हणजे ‘आस’) ही ५० भागांची मालिका प्रणयकथेच्या वाटेने सुरू होते. मात्र प्रणय तिच्यात फार काळ टिकत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कामगार घरातली ह्वेइफांग साध्यासरळ दाचंगऐवजी विद्यापीठात शिकलेल्या हूशंगला वरते. सापडलेली एक मुलगी ती पोटच्या पोरीप्रमाणे वाढवते. पुढे संसार मोडतो, आणि ती मुलगी हूशंगच्याच बहिणीची असल्याचे उघड होते.

मालिका प्रामुख्याने स्टुडिओतील बंदिस्त नेपथ्यात चित्रित झाली. काटकसरीच्या या तंत्राचा कथनावर झालेला परिणाम समीक्षेने पुरेसा ध्यानात घेतलेला नाही. प्रणयाला लागणारा एकांत या दाटीवाटीच्या खोल्यांत नाही. तिथे आहे ती आजारपणे, जेवणे, रुसवेफुगवे यांची वर्दळ. इतिहासही दाराबाहेरच थांबतो, आणि जे राजकीय ते कौटुंबिक होऊन आत येते.

प्रेक्षकांचा कौल ह्वेइफांगच्या बाजूने पडला. हूशंग तिरस्काराचा धनी झाला. १९८९च्या तियानआनमेननंतर दुबळ्या, आत्ममग्न बुद्धिजीवीचे हे चित्र निरागस म्हणता येत नाही. जानेवारी १९९१मध्ये पक्षनेते ली र्‍वेइह्वान यांनी मालिकेची प्रशंसा केली, हेही सूचक होय. तरीही प्रेक्षकाचे अश्रू सत्तेने वळवलेले होते, असे मानणे उथळपणाचे ठरेल. ह्वेइफांगचा अतोनात सोशिकपणा काहींना, विशेषतः तरुण स्त्रियांना, खटकलाही. ‘आदर्श पत्नी’ या कल्पनेची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्न मालिकेने अनुत्तरितच ठेवला.