ट्राय-काउंटी आरोग्य विभाग

ट्राय-काउंटी आरोग्य विभाग हा अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील ॲडम्स, अरापाहो आणि डग्लस या तीन शेजारी काउंट्यांचा संयुक्त सार्वजनिक आरोग्य विभाग होता. १९४८ मध्ये स्थापन झालेला हा विभाग डेन्व्हर महानगराच्या उपनगरी भागाला सेवा पुरवीत असे. लोकसंख्येच्या दृष्टीने तो राज्यातील सर्वांत मोठा स्थानिक आरोग्य विभाग होता. कोविड-१९ महासाथीच्या काळात मुखपट्टीच्या सक्तीवरून सदस्य काउंट्यांत तीव्र मतभेद झाले. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२२ रोजी विभाग विसर्जित झाला.

पार्श्वभूमी

कॉलोराडोमधील प्रत्येक काउंटीने स्वतःची आरोग्य यंत्रणा उभारावी किंवा लगतच्या काउंट्यांसह जिल्हा आरोग्य यंत्रणेत सहभागी व्हावे, असे २००८ च्या राज्य कायद्याने बंधनकारक केले. ट्राय-काउंटी विभाग त्यापूर्वीपासूनच अस्तित्वात होता. डग्लस काउंटी १९६६ पासून त्यात सहभागी होती. २०२० च्या जनगणनेनुसार अरापाहोची लोकसंख्या ६,५५,०७०, ॲडम्सची ५,१९,५७२ आणि डग्लसची ३,५७,९७८ होती. ऑरोरा हे शहर या तिन्ही काउंट्यांत पसरलेले असल्याने रोगनियंत्रणाचा प्रश्न एका काउंटीपुरता मर्यादित राहत नसे.

लसीकरण, उपाहारगृहांची तपासणी, सांडपाणी व्यवस्थेचे परवाने, माता-बाल पोषण कार्यक्रम आणि साथरोगांचे सर्वेक्षण ही विभागाची प्रमुख कामे होती.

कारभार

विभागाचे धोरण नऊ सदस्यांचे आरोग्य मंडळ ठरवीत असे. प्रत्येक काउंटीचे तीन सदस्य मंडळावर असत. हे सदस्य थेट निवडून येत नसत. काउंटीचे निर्वाचित आयुक्त त्यांची नेमणूक करीत. जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या खर्चात काउंट्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा उचलावा, अशी कायद्यात तरतूद आहे. मंडळावरील जागा मात्र समसमान होत्या. मंडळाचे निर्णय बहुमताने होत व ते तिन्ही काउंट्यांना लागू पडत. पूर्वसूचना देऊन संयुक्त यंत्रणेतून बाहेर पडण्याचा अधिकार प्रत्येक काउंटीला होता.

मुखपट्टीचा वाद

८ जुलै २०२० रोजी मंडळाने सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची करण्याचा ठराव ५ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. डग्लस काउंटीच्या आयुक्तांनी लगेचच विभाग सोडण्याचा मनोदय जाहीर केला. काही दिवसांतच गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी राज्यव्यापी सक्ती लागू केल्याने या ठरावाचे व्यावहारिक महत्त्व कमी झाले. पुढे काउंट्यांना मंडळाच्या आदेशांतून वगळले जाण्याची मुभा देण्यात आली आणि डग्लस काउंटी तूर्त विभागात राहिली.

ऑगस्ट २०२१ मध्ये मंडळाने शाळांतील लहान मुलांसाठी मुखपट्टीचा आदेश काढला व डग्लसने या मुभेचा वापर केला. त्यामुळे एकाच विभागाच्या कक्षेतील शाळांना काउंटीनिहाय वेगळे नियम लागू झाले. ३० ऑगस्ट रोजी मंडळाने आदेशाची व्याप्ती वाढवून शाळा व बालसंगोपन केंद्रांतील दोन वर्षांवरील सर्वांना तो लागू केला आणि वगळले जाण्याची मुभाही काढून घेतली. पुढील आठवड्यात डग्लसच्या आयुक्तांनी विभागातून बाहेर पडण्याचा व स्वतंत्र आरोग्य मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला.

डग्लसच्या नव्या मंडळाने मुखपट्टीतून सूट मिळवणे सुलभ करणारा आदेश काढला. त्याविरुद्ध डग्लस काउंटी शालेय जिल्हा व काही विद्यार्थ्यांच्या कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. अपंग विद्यार्थ्यांच्या हक्कांवर या आदेशाने गदा येते, असा त्यांचा दावा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये संघराज्यीय न्यायालयाने आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली.

विसर्जन

ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲडम्स काउंटीनेही २०२२ अखेर विभाग सोडण्याचे ठरवले. दोन सदस्य बाहेर पडल्यावर एकट्या अरापाहोला संयुक्त विभाग चालवणे शक्य नव्हते; तिनेही स्वतःची यंत्रणा उभारण्याचा मार्ग स्वीकारला. संक्रमणाच्या काळात जुन्या विभागाने सेवा सुरू ठेवल्या. डग्लसमध्ये मात्र आदेश काढण्याचे अधिकार नव्या मंडळाकडे गेले होते. १ जानेवारी २०२३ पासून तिन्ही काउंट्यांत स्वतंत्र आरोग्य विभाग कार्यरत आहेत.